मोर्च्याची तयारी: आधी नावांची यादी, मग बॅनर

पाण्याची बाटली, ओळखपत्र, सुटे पैसे, पायात धड चप्पल. बडोद्याच्या उन्हात बाहेर पडणाऱ्याला हे शिकवायला नको. परवानगीच्या अर्जाची पोच दोघांच्या खिशात हवी, एकाच्या नको. झालं. आता यादीकडे या. मोर्च्याला कोण कोण येतंय त्यांची पूर्ण नावं, कागदावर लिहिलेली, आणि तो कागद मोर्च्याला न येणाऱ्या एका माणसाच्या हातात. मागच्या खेपेला घोषणा ठरल्या, फलक रंगवले, वाहनं ठरली, यादी मात्र कुणी केली नाही, मीही नाही. दुपारी लोकांना बसमध्ये चढवलं आणि संध्याकाळपर्यंत कोण कुठे आहे हे एकालाही नीट सांगता येईना.

यादीत ‘आण्णा’, ‘बेबीताई’, ‘वरच्या मजल्यावरचे काका’ असलं काही लिहू नका. दांडिया बाजारात अर्धी गल्ली ज्यांना आण्णा म्हणते, त्यांचं आधार कार्डावरचं नाव घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसतं. पोलीस स्टेशनच्या टेबलापाशी तुम्ही ‘आण्णा आहेत का’ असं विचाराल, तर तो जमादार रजिस्टरवरून बोट फिरवून नाही म्हणेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. तिथे गुजरातीत लिहितात, बहुधा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. म्हणून यादी तशीच करा: आडनाव आधी, आधार कार्डाबरहुकूम, एक प्रत मराठीत आणि एक गुजराती लिपीत. गुजराती प्रत कंटाळा करून टाळू नका. टेबलावर तीच वाचली जाते.

नावापुढे वय लिहा. ही शोभेची माहिती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला अटक-कोठडीचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३५(७) प्रमाणे, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरच्या किंवा अशक्त माणसाला अटक करायची तर डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालच्या दर्जाचा नाही अशा अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा इथे त्याच दर्जाचा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त). आपल्या मोर्च्यात अर्धे लोक पेन्शनर असतात, आणि बाहेरच्या माणसाकडे वयंच नसतील तर हे कलम दाखवणार कुणाच्या नावाने? अठरांच्या आतलं कुणी असेल तर त्याच्या नावाखाली रेघ ओढा. बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्यापुढे औषध: इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, दम्याचा पंप, किती वाजता घ्यायचं ते. आणि घरचा एक फोन नंबर, जो खरंच उचलला जातो.

आता ही यादी ज्याच्याकडे राहील तो माणूस. तो मोर्च्याला येत नाही म्हणजे नाही. ‘थोडा वेळ येऊन जातो’ हेही नाही. त्याला आतून राग आला तरी आवाज चढवायचा नाही, गुजराती बोलता आली पाहिजे, आणि फोन भरलेला पाहिजे. त्याने काय करायचं ते त्याला आधी सांगा, आयत्या वेळी सुचत नाही. संहितेच्या कलम ३७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असतो, आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस स्टेशनात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची असतात. त्याने हेच विचारायचं, नाव घेऊन. रावपुऱ्याच्या हद्दीत धरलेले लोक रावपुऱ्यातच असतील असं नाही. गर्दी मोठी असली की मोकळं मैदान किंवा हॉल बघून नेतात. म्हणून एकाच स्टेशनाच्या दारात ताटकळत बसायचं नाही, आधी नियंत्रण कक्षाला फोन करायचा. वकील ठरलेला नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. हे १९८७ च्या कायद्यात आहे आणि खूप जणांना ठाऊक नाही.

धरलं तर पहिला प्रश्न एकच: रोखून ठेवलंय की अटक केलीय? स्टेशनवर गुजरातीत ‘अटकायत’ म्हणतील, ते रोखून ठेवणं. अटक झाली तर ‘धरपकड’ म्हणतील. आपल्या कानाला दोन्ही सारखंच वाटतं म्हणून स्पष्ट विचारा, कुठल्या कलमाखाली तेही विचारा. मोर्च्यात बहुतेक वेळा कलम १७० लावतात, दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून केलेली अटक. किंवा नवं कलम १७२, पोलिसांचा कायदेशीर हुकूम मानला नाही म्हणून. दोन्हींना चोवीस तासांची हद्द आहे, आणि घटनेचा अनुच्छेद २२ त्याच्याही वर आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर, नाहीतर घरी. म्हणून बसमध्ये चढवल्याची वेळ लक्षात ठेवा आणि फोन हातात असेपर्यंत ती बाहेरच्या माणसाला कळवा. ‘चढलो, अमुक वाजले, अमुक चौक’ एवढंच. तो यादीत नावापुढे ती वेळ लिहील.

अटकेची कारणं सांगावीच लागतात. अटकेचा मेमो बनतो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि तुमची सही. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. घरच्या किंवा ओळखीच्या एकाला कळवलं गेलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात हे बांधून दिलं आणि आता ते संहितेतच आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक होत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. वाद घालू नका, पण ‘खाली सही करो, छोडी दईए’ (नुसती सही करा, सोडून देतो) म्हणाले म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. गुजराती वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. हे म्हणायला अजिबात लाजू नका.

चित्रीकरण. रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम करणाऱ्या पोलिसांचा व्हिडिओ काढायला मनाई करणारा कायदा नाही, आणि अभिव्यक्तीचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. अडचण व्हिडिओची नसते, तुम्ही कुठे उभे आहात याची असते. मध्ये घुसलात, हात आडवा घातलात, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, सरकारी कामात अडथळा. धक्का लागला असं म्हटलं गेलं तर कलम १३२, आणि ते जामीनपात्र नाही. दहा पावलं मागे उभे राहा. तोंडाने समालोचन करू नका. चेहऱ्यांच्या मागे न लागता नावाच्या पट्ट्या, गाड्यांचे नंबर, हात कुणाचे कुठे आहेत ते टिपा. सुरुवातीला चौक ओळखू येईल अशी एक पाटी दाखवा आणि मध्ये थांबवू नका. लाइव्ह करू नका, असं माझं ठाम मत आहे. आपल्याच माणसांचे चेहरे, शाळकरी मुलं, नोकरी असलेल्या मुली, सगळं न विचारता जगापुढे जातं. मकरपुऱ्याचा वायुदलाचा परिसर आणि विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

‘ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट लावू’ असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. तो कायदा १९२३ चा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की त्यातल्या ‘निषिद्ध जागे’च्या व्याख्येत पोलीस स्टेशन बसत नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वकील तो पुढे ठेवू शकतो. तरी स्टेशनच्या आत फोन उगारून उभं राहायचा हट्ट नको. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक स्टेशनात सीसीटीव्ही लावायला सांगितलंय. आत काही घडलं तर तारीख-वेळ लिहून ते फुटेज राखून ठेवण्याचा अर्ज वकिलाकडून लगेच द्या. आणि कॅमेरा धरणाऱ्याचं नाव यादीत सगळ्यात वर. बहुतेकदा आधी त्यालाच उचलतात.

मास्कवरून गेल्या वेळी खूप फॉरवर्ड फिरले. जर्मनीत मोर्च्यात तोंड झाकायला १९८५ पासून बंदी आहे, हाँगकाँगने ऑक्टोबर २०१९ मध्ये केली, न्यू यॉर्कचा १८४५ चा कायदा २०२० मध्ये रद्द झाला. हे सगळं खरं असलं तरी तिकडचं आहे. आपल्याकडे मास्क लावणं हाच गुन्हा ठरवणारा देशभराचा कायदा नाही. पण गुजरात पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ वाचून ठेवा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करण्याच्या हेतूने तोंड झाकून किंवा वेष बदलून फिरणाऱ्यासाठी ते आहे. हेतू सिद्ध करावा लागतो. ॲक्टिवावर ओढणी गुंडाळून जाणाऱ्या मुलीला ते लागत नाही. दुसरं, आयुक्तांचं जाहीरनामं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ किंवा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ते निघतं, आणि त्यात काय-काय मना केलंय ते आदल्या दिवशी स्वतः वाचा, ऐकीव नको. माझं म्हणाल तर दमा किंवा धुळीचा त्रास असेल त्याने खुशाल मास्क लावावा, डॉक्टरची चिठ्ठी ठेवावी आणि ओळख पटवायला सांगितलं तर क्षणभर खाली करावा. बाकीच्यांनी तोंड उघडं ठेवा. कारण कायद्याचं नाही. बसमध्ये कोण चढलं हे दुरून ओळखून यादीवर खूण करायची असते, आणि तोंडं झाकलेली असली की ते जमत नाही.

फोन: बोटाचा आणि चेहऱ्याचा लॉक काढून आकडी पासवर्ड टाका. फोन घेतला तर पावती मागा. अटक झालेल्याकडून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. व्हिडिओ पुसायला सांगितला तर नम्रपणे नाही म्हणा, हवा तर जप्त करा आणि पंचनामा करा म्हणा.

सुटल्यावर लगेच पांगू नका. बाहेरचा माणूस यादी घेऊन दारात असेल, त्याला तोंड दाखवून नाव खोडून घ्या आणि मगच रिक्षात बसा. मार लागला असेल तर त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटल, कागद जपून ठेवा. मुचलक्यावर पुढची तारीख आहे का बघा. व्हिडिओची प्रत काढा, मूळ फोनमधलं काही हलवू नका. कोर्टात व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तो फोन विकूही नका.