नौका शाकारण्यापूर्वी इंजिन ऑइलची तयारी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मे अखेरीस नौका शाकारण्यापूर्वी, म्हणजे पावसाळ्यासाठी ओढून झाकून ठेवण्यापूर्वी, जाळी, दोर आणि रंगकाम यांची कामे आठवणीने उरकली जातात, पण इंजिन ऑइल बदलण्याचे काम पुष्कळदा 'ऑगस्टात निघताना बघू' म्हणून मागे राहते. हा क्रम उलटा हवा. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले, काजळी आणि पाण्याचा अंश असतो, आणि इंजिन दोन महिने बंद राहिले की ही आम्ले बेअरिंगच्या मऊ धातूवर बसून तो झिजवतात. त्यामुळे ऑइल आणि फिल्टर दोन्ही बंदीच्या आधीच बदलावेत.

आधी अवरमीटर पाहून शेवटच्या बदलानंतर इंजिन किती तास चालले ते नोंदवावे. मीटर बंद असेल तर इंजिन सुरू आणि बंद केल्याच्या वेळा तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) वहीत लिहाव्यात. अनेक सागरी डिझेल इंजिनांसाठी २५० तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. मात्र आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. जाळे ओढत दिवसरात्र चालणाऱ्या ट्रॉलरचे २५० तास जेमतेम साडेदहा दिवसांत भरतात, म्हणून महिन्यांच्या हिशेबाने ऑइल बदलणे अशा बोटीला परवडत नाही.

ऑइलचा ग्रेड आणि दर्जा पुस्तिकेप्रमाणे घ्यावा, फिल्टर त्याच इंजिनाचा घ्यावा आणि एक फिल्टर जास्तीचा ठेवावा. फिल्टर चांगला असला की ऑइल लवकर बदलावे लागत नाही, हा समज मात्र दूर करायला हवा. मुख्य फिल्टर तुंबला की त्यातील झडप उघडते आणि इंजिनाला ऑइल मिळत राहावे म्हणून ते न गाळताच पुढे सोडले जाते. ऑइलचा दाब ठीक दिसतो, पण गाळणे थांबलेले असते. काही बोटींवर ऑइलचा थोडा भाग सतत अधिक बारीक गाळणारा दुसरा फिल्टर जोडलेला असतो. तो काजळी चांगली पकडतो, परंतु ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल किंवा आम्ले कोणताही कागदी फिल्टर काढू शकत नाही, आणि आम्ल मारणारी ऑइलमधील द्रव्ये एकदा संपली की गाळून परत येत नाहीत. ऑइल स्वच्छ दिसते एवढ्यावर मुदत वाढवू नये. वाढवायचीच असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अहवालात सोडियम वाढलेले दिसले तर समुद्राचे पाणी कुठून शिरते आहे ते शोधावे, आणि त्यात ऑइल थंड करणारा ऑइल कूलर आधी तपासावा.

ऑइल काढण्यापूर्वी इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावे, म्हणजे तळाशी बसलेली घाण ऑइलबरोबर निघते. बोटीत इंजिनाखालचा बोल्ट उघडायला बहुधा जागा नसते, म्हणून हातपंपाची नळी डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीच्या) भोकातून ऑइल साठणाऱ्या चेंबरच्या तळापर्यंत सोडून ऑइल ओढावे. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे हाताचे बोट फिरवून पाहावे, कारण दोन रिंगा एकावर एक बसल्या तर चालत्या इंजिनातून ऑइल बाहेर फेकले जाते. नव्या रिंगला ताजे ऑइल लावून फिल्टर हातानेच आवळावा.

जुना फिल्टर तसाच फेकू नये. तो कापून कागदाच्या घड्या उघडाव्यात, पिळून उजेडात धराव्यात आणि लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडाचा असतो. न चिकटणारी तांबूस किंवा रुपेरी चमक बेअरिंगची असू शकते, आणि तशी दिसली तर फिटरला दोन महिन्यांच्या बंदीतच बोलवावे.

नवे ऑइल भरल्यावर इंजिन थोडा वेळ चालवावे, गळती पाहावी, बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिकवरील पातळी पुन्हा तपासावी, आणि तारीख व तास इंजिनावरच लिहून ठेवावेत. काढलेले ऑइल बोटीच्या तळातील पाण्यात किंवा खाडीत मुळीच सोडू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचवावे. ऑगस्टमध्ये इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून पाहावी, आणि ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालेले दिसले तर स्टार्टरला हात लावू नये.