सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचाय? आधी शिवाराची हद्द फिरून या

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल, साक्री, आपल्या खान्देशात जंगलाला लागून किती गावं आहेत, आणि यातल्या बऱ्याच गावांत एकच प्रकार होतो. सामूहिक वनहक्काचा फॉर्म कुणीतरी तालुक्याहून आणतं, झेरॉक्सच्या दुकानात बसून भरला जातो, नकाशाच्या रकान्यात "सोबत जोडला आहे" असं लिहितात आणि जोडलेलं काहीच नसतं. मग ती फाइल प्रांत ऑफिसात पडून राहते. फॉर्म भरायला अर्धा दिवस पुरतो, खरं काम हद्दीचं आहे, म्हणून मी इथे हद्दीवरच जास्त लिहितोय.

आधी थोडक्यात, मिळतं काय ते. जमीन सरकारचीच राहते, रेकॉर्डला वनच राहते, पण २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं पारंपरिक जंगल वापरायचा, राखायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क मिळतो. नमुना अ म्हणजे वैयक्तिक, वनजमिनीवर शेती आहे त्यांचा, त्याला ४ हेक्टरची मर्यादा आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा लागतो. नमुना ब म्हणजे मोहफुलं, डिंक, चराई, मासेमारी असे सामूहिक हक्क. आणि नमुना क म्हणजे सामूहिक वनसंपत्ती, ज्याने व्यवस्थापनाचा हक्क येतो. पुष्कळ गावं फक्त ब भरून मोकळी होतात, असं करू नका, ब आणि क दोन्ही भरा. क ला एकर-हेक्टरची मर्यादा नाही, हद्द परंपरेने जिथपर्यंत तिथपर्यंत. राखीव वन असो, संरक्षित वन असो की अभयारण्य, तिन्हीत चालतं, त्यामुळे यावल अभयारण्यालगतच्या गावांना कुणी "तुम्हाला लागू नाही" म्हटलं तर ते ऐकून घरी येऊ नका. भिल, पावरा, तडवी, कोकणा तर आहेतच, पण १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथे राहून जंगलावर जगणाऱ्या बिगर आदिवासींनाही हक्क आहे.

आता ग्रामसभा. इथे ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नाही, गावातली सगळी प्रौढ माणसं, आणि पेसा भागात (आदिवासी ग्रामसभांचा वेगळा कायदा लागू असलेला भाग) पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. ती १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते, आदिवासी गाव असेल तर त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. कोरम निम्म्या लोकांचा आहे, आलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, आणि इथेच आपल्याकडे गाडी अडते, कारण दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं, जानेवारीत ग्रामसभा लावली तर ओट्यावर म्हातारी माणसं नि पोरंच येतील. म्हणून ठरावाची सभा दिवाळीच्या आधी घ्या नाहीतर होळीला, तेव्हा माणसं गावात असतात.

हद्द फिरायलाही होळीच्या आसपासचे दिवस बेस्ट. साग, सालई सगळ्यांची पानगळ झालेली असते, एका टेकडीवरून पलीकडची धार स्वच्छ दिसते, पावसाळ्यात हेच करायला गेलात तर गवतात काही कळणार नाही. पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत परत. सोबत गावातली दोन-तीन जुनी माणसं पाहिजेतच, ज्यांनी गुरं चारली आहेत अशी, आणि मोहाला जाणाऱ्या बाया पण, कारण कुठल्या झाडाखाली कुणाची फुलं वेचायची हे त्यांना तोंडपाठ असतं. म्हातारे नकाशा बघून बोलत नाहीत, चालता चालता बोलतात. दोन नाले मिळतात तिथे बाबा थांबेल, काठीने दाखवेल, हे अलीकडचं आपलं, त्या अंजनाच्या झाडापासून पुढे शेजारच्या गावाचं. शेंदूर लावलेला दगड असेल, वाघदेवाचं ठाण असेल, जुना पाण्याचा डोह असेल. अशा प्रत्येक जागी थांबून मोबाइलच्या जीपीएस ॲपवर पॉइंट घ्या, त्याला तिथलं गावठी नावच द्या, एक फोटो काढा ज्यात माणूस आणि खूण दोन्ही दिसतील. नंतर हे सगळे पॉइंट वनखात्याच्या नकाशावर ठेवून कुठले कंपार्टमेंट नंबर (वनखात्याने जंगलाचे पाडलेले भाग) आत येतात ते लिहा. नकाशा गार्डकडे तोंडी मागत बसू नका, वन आणि महसूल दोन्हीचे नकाशे ग्रामसभेला पुरवणं हे प्रांतांच्या उपविभागीय समितीचं नियमाने काम आहे, लेखी मागा आणि पोच घ्या.

शेजारच्या गावाला मात्र हद्द फिरायच्या आधीच निरोप द्या, जमलं तर त्यांची चार माणसं सोबत घ्या. दोन गावांची हद्द एकमेकांवर आली तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून मिटवायचं असतं, नाही मिटलं तर ते उपविभागीय समितीकडे जातं आणि मग वर्षं निघून जातात. सामाईक चराई असेल तर सामाईकच लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

पुरावे किमान दोन लागतात, आणि कागदच पाहिजे असं नाही. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, देवस्थान, स्मशान, जुनी विहीर, गुरं पाजायची जागा, कंदमुळं-चाऱ्याच्या जागा हे सगळं चालतं, गॅझेटियर चालतं (खान्देशचं जुनं गॅझेटियर १८८० चं आहे, त्यात जंगलांवर बरंच आहे). नंदुरबारवाल्यांनी लक्षात ठेवा, जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीचं रेकॉर्ड धुळ्यालाही शोधा. फक्त सॅटेलाइट फोटोत दिसत नाही म्हणून दावा उडवता येत नाही, २०१२ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट आहे.

मग पडताळणी. वनखातं आणि महसूल दोघांना तारीख लेखी कळवा, त्यांनी हजर राहून सही करायची असते. नाही आले आणि नंतर आम्ही नव्हतो म्हणून हरकत घेतली तर दावा एकदा परत ग्रामसभेकडे येईल, तुम्ही परत बोलवायचं, तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचं म्हणणं अंतिम. म्हणून त्या पत्रांच्या पोच जपून ठेवा, सगळा खेळ त्यावर आहे. ठराव झाला की फाइल प्रांतांकडे, तिथून कलेक्टरांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. गावात एक पूर्ण झेरॉक्स सेट ठेवाच. नामंजूर झाला तर कारणं लेखी मागा, उपविभागीय समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं, तोंडी "नाही झालं" वर थांबू नका.

जंगल राखलं की काय होतं हे बघायचं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला जाऊन या, तिथल्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली.

हक्कपत्र हातात आलं की ग्रामसभेची व्यवस्थापन समिती लगेच नेमा आणि वाहतूक पासचं पुस्तक छापून घ्या. गौण वनोपजाचा (लाकूड सोडून जंगलातल्या मालाचा) पास ही समितीच देते, मोहफूल असो की टेंभुर्णीची पानं, बांबू असो की डिंक, त्यावर रॉयल्टी नाही. सागाचं लाकूड यात येत नाही हे गावात आधीच सांगून ठेवा. पासचा नमुना, शिक्का आणि सह्या कुणाच्या आहेत त्याचं पत्र रेंज ऑफिसला आणि रस्त्यावरच्या नाक्याला द्या, म्हणजे माल भरलेली पहिलीच गाडी अडणार नाही.