ऑनलाइन गाणं शिकताय? मग या चुका टाळा

"ताई, तुमचा तानपुरा बंद पडलाय." क्लासात नवीन आलेलं कुणी ना कुणी पहिल्याच आठवड्यात हे म्हणतंच. तानपुरा माझ्या शेजारी छान वाजत असतो, फक्त पलीकडे पोचत नाही. झूम काय, मीट काय, ही ॲप्स मुळात बोलण्यासाठी बनवलेली. एकसारखा चालू राहणारा आवाज त्यांच्या लेखी पंख्याची घरघर, म्हणून तो गाळला जातो. तुम्ही खर्जात लांब 'सा' लावलात तर तोही मधूनमधून पुसला जातो आणि मला वाटतं, श्वास तुटला.

झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाचा पर्याय आहे. तो निवडा, त्याच्या खालचा 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड'ही. पण इको कॅन्सलेशन (फिरून येणारा आवाज गाळणारी सोय) बंद करायचं ते हेडफोन लावणार असाल तरच. नाहीतर माझाच आवाज तुमच्या माइकमधून फिरून मला ऐकू येतो आणि दोन्हीकडे गोंधळ. हेडफोन वायरचे घ्या. ब्लूटूथवर आवाज आणखी उशिरा येतो, त्यात माइकही त्याचाच वापरलात तर दर्जा फोनवरच्या बोलण्याइतका उतरतो. तबला शिकणाऱ्यांना तर मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर डग्ग्याची घुमार ऐकूच येत नाही, नुसती चाट, म्हणजे तबल्याची कड, टकटकते.

एवढं करूनही तानपुरा माझ्याकडून घेऊ नका. दुसऱ्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, माइकपासून लांब, आवाज बारीक. सूर तुमच्या खोलीतच हवा. एक फायदाही आहे. वर्गात सगळ्यांना एकाच पट्टीत गावं लागतं; इथे म्यूटवर असताना कुणी काळी एकमध्ये गावं, कुणी पांढरी पाचमध्ये. मात्र तासभर म्यूटवरच राहिलात तर चुकलेला कोमल गंधार तसाच पक्का होतो. त्यामुळे बॅच निवडताना फी नंतर विचारा, आधी हे विचारा: प्रत्येकाला एकट्याने गायची पाळी येते का?

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एकत्र गायचा हट्ट. ती मीही केली आहे. न्यू जर्सीचे एक काका टाळी देत गायचे आणि मी दर वेळी सांगायचे, "लय मागे पडतेय." बिचारे महिनाभर मेट्रोनोम (टिकटिक करत लय देणारं यंत्र) लावून बसले. त्यांची लय ठीकच होती. आवाज पुण्याहून तिकडे जाऊन परत यायला पाव सेकंद सहज लागतो. मिनिटाला 120 मात्रांच्या मध्य लयीत ती अर्धी मात्रा झाली. 240 च्या द्रुत लयीत पुरी एक. म्हणजे समेवरची, पहिल्या मात्रेची टाळी मला दुसऱ्या मात्रेवर ऐकू येणार. कितीही महागडं इंटरनेट घ्या, हे अंतर पुरतं मिटत नाही. आता ठेका ज्याचा त्याने आपल्याकडे लावायचा. मी गाते तेव्हा ते ऐकतात, ते गातात तेव्हा मी गप्प.

बाकी किरकोळ. फुकटच्या झूम खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत बंद होते, तीही नेमकी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगात आल्यावर. प्लॅटफॉर्मच्या सर्टिफिकेटला गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका किंवा मध्यमा समजू नका. त्या परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. रेकॉर्डिंग विचारून करा.

परदेशातल्यांनी घड्याळही सांभाळा. न्यूयॉर्कशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ. माझी शनिवारी सकाळी 7 ची बॅच म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री साडेआठ, मार्चनंतर साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात. पुढच्या शनिवारी मी क्लास आटोपून पोह्यांची बशी हातात घेते, तेव्हा वेटिंग रूममध्ये दोन-तीन नावं हमखास येऊन थांबलेली असतात.