बोर्दोची रेड वाइन: आधी काठ ओळखा, मग बूच काढा

बोर्दो या फ्रान्समधल्या वाइन-प्रदेशाच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुतेकदा नसतं, गावाचं असतं. म्हणून आधी ते गाव नदीच्या कुठल्या काठाचं, डाव्या की उजव्या, हे बघा.

पोयाक, मार्गो, सँ-ज्युलियाँ ही जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरच्या मेदोकमधली गावं. तिथल्या जमिनीत खडी आणि गोटे. पाणी झरझर निचरतं, दिवसा तापलेला दगड रात्रीही ऊब देतो. उशिरा पिकणाऱ्या कॅबरने सॉविन्यों या द्राक्षाला हेच मानवतं. हीच वेल गार, ओल धरणाऱ्या चिकणमातीत लावली तर द्राक्ष धड पिकत नाही आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास येतो.

उजव्या काठावर, पोमरोलच्या चिकणमातीत आणि सँतेमिलियोंच्या चुनखडीत, लवकर पिकणाऱ्या मर्लो द्राक्षाचं राज्य, जोडीला कॅबरने फ्रांक हे द्राक्ष. पोमरोलमधल्या पेत्र्युस या नामांकित मळ्यातल्या निळसर चिकणमातीत तर जवळपास सगळी मर्लोच. ही वाइन लवकर मऊ होते. पहिल्यांदा बोर्दो घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

1855 ची प्रसिद्ध प्रतवारी, म्हणजे मळ्यांची अधिकृत क्रमवारी, लेबलवर शोधत बसू नका. तिच्यातल्या रेड वाइन मेदोकच्या, अपवाद फक्त ग्राव्ह या शेजारच्या भागातल्या ओ-ब्रियों मळ्याचा. पोमरोलला तर अधिकृत प्रतवारीच नाही. त्यापेक्षा द्राक्षांच्या हंगामाचं साल बघा: 2010 आणि 2016 उत्तम, 2013 अवघड.

आता वाढणं. तापमान 16 ते 18 अंश हवं. आपल्याकडच्या 30 अंशांच्या खोलीत अल्कोहोलच नाकात जातं, म्हणून बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत बाटली दहा-पंधरा मिनिटं बुडवा. फार गार केलीत तर तुरटपणा टोचतो.

दहा वर्षांहून जुनी बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बाटलीच्या मानेमागे दिवा धरून एका संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओता. गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबा. मध्येच बाटली सरळ केलीत तर गाळ ढवळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जुनी वाइन ओतल्यावर लगेच प्यावी, फार वेळ हवा लागली तर सुगंध उडतो. मेदोकची कोवळी वाइन मात्र तास-दोन तास डिकँटरमध्ये राहू द्या. ग्लास एक तृतीयांशच भरा.

सोबत भाजलेलं मटण घ्या, पण तिखट हात राखून. तिखटाने टॅनिन, म्हणजे वाइनमधलं तुरट द्रव्य, आणखी तुरट लागतं.