एकाच खोलीत अख्खा सिनेमा करायचा असेल तर

बजेट कमी आहे म्हणून एकाच खोलीत सिनेमा करू असं बरेच जण ठरवतात. लोकेशनचे पैसे वाचतात हे खरंय, पण सगळा भार मग स्क्रिप्टवर येतो आणि तिथे तो पेलला नाही तर बघणारा अर्ध्यातच मोबाइल हातात घेतो. म्हणून कॅमेऱ्याचा विचार नंतर करा, आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा, की हा माणूस उठून सरळ बाहेर का जात नाही?

दाराला कुलूप आहे, हे उत्तर चालतं, पण दीड तास पुरत नाही. ‘12 अँग्री मेन’ (1957) मध्ये एकमत होईपर्यंत ज्युरीला, म्हणजे खटल्यातला आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा जणांना, खोली सोडता येत नाही, नियमच आहे तसा, पण मजा यात आहे की प्रत्येकाला निघायची घाई आहे, एकाला तर बेसबॉलची मॅच गाठायचीय, आणि एकटा माणूस ‘निर्दोष’ म्हणतो म्हणून बाकीचे अकरा तिथेच अडकतात. ‘लॉक’ (2013) त्याच्याही पुढे जातो. टॉम हार्डी रात्रभर गाडी चालवतोय, स्टिअरिंग त्याच्याच हातात आहे, कधीही परत फिरू शकतो, आणि फिरत नाही कारण त्याने ठरवलंय. माझ्या मते हे सगळ्यात भारी कारण, कारण प्रत्येक फोनला त्याला ते नव्याने निभवावं लागतं. तुमच्या स्क्रिप्टमध्येही दर दहा-पंधरा पानांनी ‘अजून का थांबलाय’ याचं उत्तर थोडं बदललंच पाहिजे. बदलत नसेल तर शॉर्टफिल्म करा, खरंच, काही कमीपणा नाही त्यात.

मग खोलीचा नकाशा काढा, दार, खिडकी, स्विच, कपाट, पलंग सगळं, आणि जागा ताब्यात यायच्या आधीच मोकळ्या जमिनीवर टेप लावून त्यात तालमी सुरू करा. नकाशाशेजारी वस्तूंची यादी ठेवा आणि कुठली वस्तू कितव्या मिनिटाला उघड करायची ते ठरवा. ‘बरीड’ (2010) मध्ये पेटीत पुरलेला एकच माणूस आहे, पण लायटर, मोबाइल, ग्लो स्टिक, टॉर्च असे उजेड बदलत राहतात, लायटरचा पिवळट, ग्लो स्टिकचा हिरवा, आणि तीच पेटी दरवेळी वेगळी दिसते. हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत दाखवून टाकलं असतं तर पुढे काय उरलं असतं?

आता कॅमेरा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने ‘12 अँग्री मेन’ मध्ये जे केलं ते वहीत उतरवून घ्या. पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून, मधला डोळ्यांच्या पातळीवर, शेवटचा खालून, आणि सोबत लेन्स हळूहळू लांब, म्हणजे दूरचं जवळ ओढून दाखवणाऱ्या, होत गेल्या. त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटतात, शेवटी शेवटी छत दिसायला लागतं, खोली तेवढीच आहे पण बघणाऱ्याला गुदमरायला होतं, आणि का ते त्याला कळतही नाही. मग अगदी शेवटच्या शॉटला ल्युमेटने वाइड, म्हणजे जास्त जागा दाखवणारी, लेन्स लावली. तुम्हाला एवढं जमलं नाही तरी एक करा, खोलीचा एक कोपरा किंवा एक अँगल इंटरव्हलपर्यंत वापरूच नका, राखून ठेवा.

जागा निवडताना गोष्टीतल्या खोलीपेक्षा मोठी खोली घ्या. कॅमेरा, लाइट, बूम (काठीवरचा माइक) धरणारा, लेन्सचा फोकस सांभाळणारा, सगळ्यांना उभं राहायला जागा लागते, आणि लांब लेन्सने मोठी खोली लहान दाखवता येते पण लहान खोलीत मागे सरकायलाच मिळत नाही. हिचकॉकच्या ‘रोप’ (1948) मध्ये कॅमेऱ्याला वाट द्यायला सेटच्या भिंती सरकवायचे, खऱ्या घरात ती सोय नाही. त्याच सिनेमात खिडकीबाहेर संध्याकाळची रात्र होताना दिसते, तीही बनवलेली. गोष्ट एकाच संध्याकाळची असेल तर खऱ्या उन्हाच्या भरवशावर राहू नका, बाहेरून खिडकी काळ्या कापडाने झाका आणि ऊन लाइटने तयार करा, नाहीतर एडिटला सकाळ-दुपार एकाच संवादात येतील.

शूट शक्यतो सीनच्या क्रमाने करा, लोकेशन एकच असल्यामुळे हे परवडतं, आणि दाढी, घाम, चेहऱ्यावरचा थकवा आपोआप जुळतो. ल्युमेटने उलट केलं होतं, एका खुर्चीचं लाइटिंग झालं की त्या खुर्चीचे सगळे शॉट उरकायचे, मग पुढची खुर्ची, पण त्याआधी दोन आठवडे तालमी झाल्या होत्या. तेवढ्या तालमी नसतील तर तो नाद करू नका.

आणि साउंड, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. बाहेरचं जग आत आणायचा हाच एक स्वस्त रस्ता आहे, जिन्यावरची पावलं, शेजारचा टीव्ही, फोनवरचा माणूस. फोनवर बोलणारा नट शूटच्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवून खरंच फोन लावायला सांगा, ‘लॉक’ मध्ये तसंच केलं होतं, समोरच्याची वाट बघण्यातला जीव डबिंगला येत नाही. पंखा, एसी, फ्रिज बंद करून टेक घ्या आणि प्रत्येक सेटअपनंतर, म्हणजे कॅमेरा-लाइट हलवायच्या आधी, मिनिटभर सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज, रेकॉर्ड करा, कारण एकाच खोलीत दीड तास ऐकणाऱ्याला शांततेतला फरकही लगेच खटकतो.