स्फटिकाचा तराजू: ‘हे कोणालाही सुचले असते’ हा आक्षेप कसा तपासावा

क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून वस्तुमानातील बदल मोजणाऱ्या संवेदकाच्या अमेरिकी पेटंटवर ‘यात नवे ते काय, जाणकाराला हे सहज सुचले असते’ असा आक्षेप घ्यायचा असेल, किंवा त्याला उत्तर द्यायचे असेल, तर प्रथम दाव्याला, म्हणजे पेटंटात ज्या नेमक्या गोष्टीवर हक्क सांगितला आहे तिला, लागू होणारी तारीख निश्चित करावी आणि तिच्यानंतरचे साहित्य, ते कितीही मोलाचे वाटले तरी, बाजूला ठेवावे. मग अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1966 च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर निकालातील क्रमाने जावे: आधी काय ज्ञात होते, दावा त्याहून कोठे वेगळा आहे आणि त्या क्षेत्रातील सर्वसाधारण जाणकाराची पातळी कोणती.

यांपैकी वेगळेपण शोधण्याचे काम वेळखाऊ आहे. दाव्यातील एकेक शब्द 1959 च्या साउरब्रे समीकरणाशेजारी मांडावा. त्यानुसार 5 मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता 1 हर्ट्झने घटली, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 17.7 नॅनोग्रॅम भर पडलेली असते; मात्र थर पातळ, ताठर आणि सर्वत्र सारखा असेल तरच हा हिशेब जुळतो. त्याच स्फटिकाची एक बाजू पाण्याला लागली, की काहीही न चिकटता वारंवारता सुमारे 700 हर्ट्झने उतरते आणि नसलेले 12 मायक्रोग्रॅम दिसू लागतात. हा परिणाम कानाझावा आणि गॉर्डन यांनी 1985 मध्येच सूत्रात बसवला असल्यामुळे, ‘द्रवात यश मिळेल अशी अपेक्षा नव्हती’ एवढाच बचाव आजच्या पेटंटधारकाला तारत नाही. थर मऊ आणि चिकट असेल, तर मात्र बचावाला जागा उरते, आणि तीही कंपनांतील ऊर्जाक्षय मोजण्याची पद्धत दाव्याच्या तारखेला किती रुळलेली होती हे पाहूनच.

दोन जुने लेख जोडायचे असल्यास ते जाणकाराला जोडावेसे का वाटले असते, हे लिहून काढावे. 2007 च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालानंतर तशी सूचना लेखातच सापडली पाहिजे असे बंधन नाही. कारण मात्र द्यावेच लागते, आणि माझ्या मते आक्षेपाची बाजू बहुधा येथेच लंगडी पडते.

संघीय न्यायालयात पेटंटची अवैधता स्पष्ट आणि खात्रीशीर पुराव्याने सिद्ध करावी लागते. पेटंट कार्यालयापुढील आंतरपक्षीय पुनर्विलोकनात पारडे किंचित झुकले तरी पुरते, परंतु उल्लंघनाच्या खटल्याची फिर्याद बजावली गेल्यापासून 1 वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.