स्पॅनिशचे दोन भूतकाळ पावसात शिका
स्पॅनिशचे दोन भूतकाळ तक्त्यावरून घोकू नका. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातल्या कुदियेरो, यानेससारख्या बंदरगावांची छोटी प्रवासवर्णनं वाचा. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पाऊस भरपूर, त्यामुळे 'योबिया' म्हणजे पाऊस पडत होता आणि 'येगामोस' म्हणजे आम्ही पोहोचलो, हे दोन्ही शेजारीशेजारी भेटतात. पहिल्यात काहीतरी चालू आहे, दुसऱ्यात घडून संपलंय. मराठीत आपण हा फरक न शिकताच करतो! दोन रंगांनी क्रियापदं अधोरेखित करा, मग पुस्तक मिटून तोच प्रसंग मोठ्याने सांगा. नवे शब्द मोजकेच टिपा: 'बाहामार' ओहोटी, 'प्लेआमार' भरती. 'रिओ' म्हणजे नदी, पण 'रिया' म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरतं ती खाडी. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.